आल्टोचा तो निषाद: कोरल कंडक्टर आणि संगीत अभ्यासक, दोन्ही होता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी नाशिकची, वय 26. शास्त्रीय गायनात विशारद. इंजिनिअरिंग करून नोकरी करते. चार वर्षं एका कॉयरमध्ये, म्हणजे अनेक आवाजांत गाणाऱ्या वृंदात, आल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज) गाते, पाश्चात्त्य थिअरीची पाचवी ग्रेड झाली आहे, पियानो जेमतेम. कोरल कंडक्टर व्हायचंय आणि संगीतावर संशोधनही करायचंय. घरचे म्हणतात, "एक काय ते ठरव." तिचे तीन प्रश्न आहेत: दोन्ही एकत्र जमतं का, परदेशात मास्टर्स करावं की पीएचडी, आणि आता उशीर झालाय का.

मी मूळची वसईची. गेली 25 वर्षं कॉयर घेते, शिकवते, आणि अधूनमधून जुन्या स्वरलिपींवर काम करते. तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येईल, पण ते तुमच्या उपयोगाचं नाही. तुम्ही दोन करिअरमधून निवड करायची म्हणताय. मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे: ही दोन कामं एकमेकांना नेमकी कुठे लागतात, आणि त्यातलं आधी कशाला हात घालायचा? हे उलगडलं की मास्टर्स की पीएचडी हे बरंचसं आपोआप ठरतं.

कुठे लागतात ते एका तालमीवरून सांगते. सोळाव्या शतकातलं एक लॅटिन मोटेट, म्हणजे चर्चसाठीचं समूहगीत, आम्ही बसवत होतो; वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज. मंगळवारची संध्याकाळ, पॅरिश हॉल, 28 माणसं. आल्टोमधल्या एका बाईंनी हात वर केला. शाळेत शिकवतात त्या. "टीचर, इथे 'एफ'च्या डोक्यावर बारीक शार्प छापलाय. शेजारच्या पानावर तसाच शार्प सुराच्या बाजूला आहे. दोन्ही सारखेच गायचे का?" मी त्या वेळी 'हो, सारखेच' म्हणून पुढे गेले. घरी येताना ते उत्तर मनाला लागून राहिलं, कारण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

आता हे तुमच्या भाषेत. 'जी'ला सा धरा. मग साधा 'एफ' म्हणजे कोमल निषाद आणि शार्प लावलेला म्हणजे शुद्ध निषाद. ओळीच्या शेवटी आवाज षड्जावर विसावतो, तेव्हा त्याच्या आधीचा निषाद कोमल की शुद्ध, एवढाच तो प्रश्न. खमाज गायला असाल तर चढताना शुद्ध नी आणि उतरताना कोमल नी हे गळ्यात आपसूक असतं, कुणी लिहून द्यावं लागत नाही. त्या काळच्या युरोपातल्या गायकांचंही काहीसं तसंच होतं. विसाव्याच्या जागी निषाद चढवायचा हे शिकलेल्या गायकाला ठाऊक असायचं, म्हणून लिहिणारा ते चिन्ह बरेचदा लिहीतच नसे. आजच्या चांगल्या आवृत्तीत मूळ प्रतीतलं चिन्ह सुराच्या बाजूला छापतात आणि संपादकाने सुचवलेलं डोक्यावर. म्हणजे डोक्यावरचा शार्प हा रचनाकाराचा शब्द नाही, संपादकाचं मत आहे. ते मला पटलं पाहिजे, किंवा का पटत नाही ते सांगता आलं पाहिजे.

मी त्या रचनेच्या दुसऱ्या दोन आवृत्त्या मिळवल्या. एकीत ते चिन्ह नव्हतंच. दुसरीत ते मूळचं असल्यासारखं सुराच्या बाजूला होतं. मग जुन्या छापील पुस्तिकांची स्कॅन केलेली पानं शोधली. त्या काळी चारही आवाज एका पानावर नसत. सोप्रानोची वेगळी पुस्तिका, आल्टोची वेगळी, आणि मात्रांचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेघाही नसत. प्रत्येकाने आपली ओळ बघायची आणि बाकीच्यांना कानाने ऐकायचं. आल्टोच्या त्या पुस्तिकेत दोन्ही जागी काहीच चिन्ह नव्हतं. पुढच्या मंगळवारी मी फक्त आल्टो आणि टेनर उभे केले आणि दोन्ही जागा दोन्ही प्रकारे गाऊन घेतल्या. शेवटच्या जागी शुद्ध निषादाने ओळ दार लावल्यासारखी मिटली. आधीच्या जागी मात्र आल्टो चढवताच टेनरच्या कोमल निषादाशी आदळली, आणि तिथे ओळ पुढे उतरतही होती. तिथला आम्ही कोमल ठेवला. ज्या बाईंनी प्रश्न विचारला होता त्यांनी स्वतःच्या प्रतीत पेन्सिलने तारीख घालून तसं लिहून घेतलं.

हे काम कंडक्टरचं होतं की संशोधकाचं? प्रतींशी प्रत पडताळणं हे अभ्यासकाचं. दोन आवाज समोर उभे करून ऐकणं आणि निर्णय घेणं हे कंडक्टरचं. माझ्यापुरतं सांगते, प्रश्न तालमीत उठला नसता तर मी त्या पुस्तिकांपर्यंत गेलेच नसते, आणि तिथे गेले नसते तर 28 माणसांकडून एक चुकीचा सूर खात्रीने गाऊन घेतला असता. म्हणून "दोन्ही जमतं का" याला माझं उत्तर असं: चांगल्या कॉयरसमोर उभं राहायचं तर थोडं अभ्यासक व्हावंच लागतं. पोट दोन्हींवर सारखं भरेल का, हा निराळा प्रश्न. त्यावर पुढे बोलते.

मोठं उदाहरण हवं असेल तर बाख या जर्मन संगीतकाराच्या कॉयरचं घ्या. बाख 1723 पासून 1750 मध्ये मृत्यू येईपर्यंत लाइपझिगला होता. 23 ऑगस्ट 1730 रोजी त्याने नगर परिषदेला एक निवेदन दिलं. त्यात तो म्हणतो की प्रत्येक कॉयरला किमान 12 गायक हवेत, म्हणजे आवाजामागे तीन, आणि 16 असतील तर अधिक बरं. पिढ्यान्पिढ्या हेच प्रमाण धरलं गेलं, उलट प्रत्यक्षात कॉयर याहून कितीतरी मोठे होत गेले. 1981 मध्ये जोशुआ रिफ्किन या अमेरिकन अभ्यासक-कंडक्टरने वेगळंच म्हणणं मांडलं. उरलेल्या हस्तलिखितांमध्ये बहुतेक ठिकाणी प्रत्येक आवाजाची एकच प्रत आहे, तेव्हा प्रत्यक्ष गाताना आवाजामागे एकच गायक असणार. निवेदनातली संख्या म्हणजे हाताशी असलेल्या मुलांचा पट, कारण आजारी पडणारे आणि बदली लागणारेही त्यात धरावे लागतात. बरेच लोक चिडले. वाद अजून चालू आहे. पण रिफ्किन लेख लिहून थांबला नाही, त्याने बाखची बी मायनर मास ही मोठी धार्मिक रचना तशी गाऊन ध्वनिमुद्रित केली. ऐकणाऱ्याला कागदावरचा मुद्दा कानाने तपासता आला. मी स्वतः त्याचं सगळं मान्य करत नाही. तरी त्यानंतर माझ्या कॉयरच्या खुर्च्या मांडताना "किती जण?" हा प्रश्न मला दरवेळी पडतो, आणि काही रचना मी आता आठच जणांकडून गाऊन घेते.

आता तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही ते बघू. विशारद झाल्याचं तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय, जणू ते या वाटेवर निरुपयोगी आहे. तसं अजिबात नाही. तंबोऱ्याचा खर्ज छेडल्यावर त्यातून गंधार ऐकू येतो हे तुम्हाला माहीत आहे. तो गंधार षड्जापासून 386 सेंटवर असतो (अर्धा सूर म्हणजे पियानोवर 100 सेंट). पेटीचा किंवा पियानोचा गंधार 400 सेंटवर, म्हणजे 14 सेंट चढा. साथीशिवाय गाणारं चांगलं कॉयर, थांबलेल्या सुरावटीत, तंबोऱ्याच्या गंधाराकडे झुकतं. हे ऐकायला पियानोवर वाढलेल्या विद्यार्थ्यांना वर्षं लागतात. तुमच्याकडे ते आहे.

साथीशिवाय कॉयर उतरतं, हाही रोजचा विषय. गायकांचं लक्ष नाही, श्वास कमी पडला, ही नेहमीची कारणं असतातच. पण एक कारण गणिताचं आहे आणि ते तुम्हाला चटकन कळेल. षड्ज-पंचम भावाने चालत जा: सा पासून प, प पासून रे, रे पासून ध, ध पासून ग. असा मिळालेला गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा साधारण 22 सेंट चढा निघतो. काही स्वरसंगती अशा असतात की त्यांचं वर्तुळ पूर्ण करताना हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. प्रत्येक जोड शुद्ध गायलात तर वर्तुळ संपताना षड्ज तेवढा खाली आलेला असतो. अशी पाच वर्तुळं झाली की अख्खा अर्धा सूर गेला, आणि गंमत म्हणजे कुणीच बेसूर गायलेलं नसतं. अशा वेळी "वर घ्या, वर घ्या" ओरडून काही होत नाही. कुठल्या आवाजाने कुठला सूर जरा ताणून धरायचा ते आधीच हेरून सांगावं लागतं. मी अशा जागा स्वरलिपीत हिरव्या पेन्सिलने खुणावते. तालमीत तंबोऱ्याचं ॲप सुरू ठेवून दोन ओळी गाऊन घेते, मग ते बंद करते आणि शेवटी पुन्हा लावून बघते की आम्ही कुठे पोचलो. लोकांना स्वतःच्या कानाने कळतं, मला बोलावं लागत नाही.

सरगमचंही तसंच. आपला सा हलता असतो, काळी एकला धरा नाहीतर पांढरी पाचला. हंगेरीत झोल्तान कोडाय या संगीतकाराच्या विचारावर उभी राहिलेली शिक्षणपद्धती याच तत्त्वावर चालते: जिथे 'डो' (त्यांचा सा) धराल तिथून बाकीचं नातं. कोडाय स्वतः 1905 पासून खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करत होता, 1906 मध्ये त्याने लोकगीतांच्या कडव्यांच्या बांधणीवर डॉक्टरेट केली आणि पुढे शाळकरी मुलांच्या कॉयरसाठी ढीगभर रचना केल्या. संशोधन आणि समूहगान एकाच माणसात कसं नांदतं ते बघायचं तर त्याचं आयुष्य वाचा. माझ्या कॉयरमध्ये स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, न वाचता येणारे निम्मे आहेत. त्यांना मी सरगमनेच वाचायला शिकवते.

पण विशारदचं ओझंही आहे, ते सांगितलं पाहिजे. आपण आपल्या सुरात रमायला शिकतो. मींड, कण, सुरावर हळूच जाऊन बसणं, हे सगळं गळ्यात मुरलेलं असतं. कॉयरमध्ये आल्टोने सुराला खालून घसरत हात घातला की शेजारच्या तिघींचे तीन वेगळे सूर होतात. त्याहून मोठी उणीव कानाची आहे. आपला कान आडवा ऐकतो, एक ओळ पुढे कशी जाते ते. कंडक्टरला त्याच क्षणी उभंही ऐकावं लागतं: चार सूर एकावर एक, त्यात कोण जड, कोण चुकलं. हे फक्त सरावाने येतं, आणि त्याचा सराव पियानोवर होतो. म्हणून पियानोला पर्याय नाही. तुम्हाला मैफिलीत वाजवायचं नाहीये. चार ओळी चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर छापलेल्या असताना त्या एकत्र वाचून दोन हातांत आणायच्या आहेत. साध्या चार आवाजांच्या भजनचालीपासून, म्हणजे चर्चमधल्या 'हिम'पासून (hymn) सुरू करा. रोज 40 मिनिटं, दोन वर्षं. तीन आवाज वाजवायचे आणि चौथा स्वतः गायचा, मग आवाज बदलायचा. मी परदेशी शिकायला गेले तेव्हा पहिल्या संस्थेची प्रवेश परीक्षा याच कारणाने हुकली. समोर अनोळखी स्वरलिपी ठेवली आणि "टेनर गा, बाकीचं वाजवा" म्हणाले. मला टेनर गाताही आला आणि बाकीचं वाजवताही आलं, फक्त एकत्र नाही. एक वर्ष गेलं माझं.

हाताबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं कंडक्टिंग म्हणजे हवेत ताल देणं. तबल्याच्या सवयीने मीही सुरुवातीला प्रत्येक मात्रा ठोकत असे. कॉयर बरोबर गात असे आणि तरी त्यात जीव नसे. माझ्या गुरूंनी एके दिवशी मला हात पाठीमागे बांधून उभं केलं. "आता सुरू कर." समोर चार गायक. मी नुसता श्वास घेतला, घाईघाईत आणि उथळ. ते चौघे चार ठिकाणी सुरू झाले. पुन्हा. पाचव्या-सहाव्या खेपेला मी पोटातून, ज्या लयीत गाणं हवं त्या लयीत, ओठ 'ओ'च्या आकारात ठेवून श्वास घेतला आणि ते चौघे एकदम, त्याच लयीत, त्याच 'ओ'वर सुरू झाले. हाताची पहिली हालचाल हा तोच श्वास, फक्त लांबून दिसणारा. लय, आवाजाची जाडी, स्वराचा उच्चार, सगळं त्या एका उचलीत असतं. सूर सुरू झाल्यावर दुरुस्त करायला फार थोडं उरतं. समेवर येण्याची जी ओढ तुम्हाला ठाऊक आहे ती इथेही लागते. ती समेत नसते, समेच्या आधीच्या मात्रेत असते.

आता शिक्षण. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: घरची आर्थिक स्थिती, नोकरी कधी सोडता येईल, कुठली भाषा शिकायची तयारी आहे, आणि दोन-तीन वर्षांनी परत यायचं आहे की नाही. अमेरिकेत कोरल कंडक्टिंगचं मास्टर्स साधारण दोन वर्षांचं असतं. त्यापुढे दोन फाटे आहेत. एक डीएमए, म्हणजे प्रत्यक्ष सादरीकरणावर भर असलेली डॉक्टरेट, सोबत एक लेखी प्रबंधिका. दुसरी संगीतशास्त्रातली पीएचडी, जिथे प्रबंध हेच मुख्य. प्रवेशासाठी आधी तालीम घेतानाचा आणि सादरीकरणाचा व्हिडिओ मागतात, मग निवडक लोकांना बोलावून प्रत्यक्ष कॉयरसमोर 15-20 मिनिटं उभं करतात. जागा फारच थोड्या असतात. असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच सहायकाचं काम, मिळाली तर फी माफ होऊन थोडं मानधन मिळतं. ती मिळत नसेल तर कर्ज काढून जा असं मी कुणालाच सांगत नाही. या व्यवसायातल्या मिळकतीतून ते कर्ज फेडणं फार जड जातं. जर्मनीच्या सरकारी संगीत विद्यालयांत खर्च बराच कमी, पण जर्मन यावं लागतं आणि पियानोची परीक्षा कडक असते. हंगेरीत केच्केमेतला 1975 पासून कोडाय इन्स्टिट्यूट आहे. तुमच्यासारखा सरगमचा पाया असलेल्या माणसाने ती वाट जरूर तपासावी.

माझं मत विचाराल तर आत्ता पीएचडी नको. कारण साधं आहे. कान, हात आणि माणसं सांभाळायची सवय ही रोज कॉयरसमोर उभं राहूनच येते, आणि ती जितक्या लवकर सुरू होईल तितकी अंगात मुरते. प्रबंध 35 व्या वर्षीही लिहिता येतो, आणि तेव्हा तो चांगला होतो कारण तुमचे प्रश्न तालमीतून आलेले असतात. उलट क्रमाने गेलेले माझे दोन सहाध्यायी आज उत्तम अभ्यासक आहेत, पण कॉयरसमोर उभं राहिल्यावर ते समजावून सांगत बसतात आणि गायकांचे गळे थंड पडतात. तालमीत बोलायचं ते एका वाक्यात. बाकीचं घरी वहीत.

"हे आपलं संगीत नाही, आपण किती पुढे जाणार" हा घरच्यांचा मुद्दा तुम्ही लिहिलाय. मासाआकी सुझुकी हे जपानी कंडक्टर कोबेचे. बाराव्या वर्षापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, तोक्यो आणि ॲमस्टरडॅमला शिकले, 1990 मध्ये त्यांनी बाख कॉलेजियम जपान उभं केलं आणि 1995 ते 2013 या काळात बाखचे चर्चसाठीचे सगळे कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, ध्वनिमुद्रित केले. जर्मन लोक ते आदराने ऐकतात. आपल्याकडेही मुंबईत व्हिक्टर परांजोतींनी 1950 च्या दशकात कॉयर उभं केलं आणि त्यांच्यानंतर कुमी वाडियांनी ते पुढे कित्येक दशकं चालवलं, त्यात भारतीय गाण्यांच्या अनेक आवाजांतल्या रचनाही होत्या. गोव्यात फादर लोर्डिनो बारेटो रोमला शिकून आले आणि कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाची धुरा त्यांनी वाहिली. म्हणजे वाट अगदीच नवी नाही.

आणि सुरुवात कशी करायची याचं उत्तर मला हेल्मुट रिलिंग या जर्मन कंडक्टरमध्ये मिळालं. 1954 मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी गेशिंगन नावाच्या खेड्यात मित्रमंडळी जमवून कॉयर सुरू केलं. त्याच खेड्याच्या नावाने ते पुढे जगभर ओळखलं गेलं. 1985 पर्यंत बाखचे सगळे चर्च कँटाटा त्यांनी ध्वनिमुद्रित केले. त्यांची एक पद्धत मला फार आवडते: आधी रचना उलगडून सांगायची, मध्येच कॉयरकडून एखादी ओळ गाऊन दाखवायची, आणि मग सगळी रचना सलग गायची. मी वसईत हे मराठीतून करते. पहिल्यांदा केलं तेव्हा वाडीतल्या शेतकरी माणसांनीही शेवटपर्यंत बसून ऐकलं आणि नंतर बासच्या ओळीबद्दल विचारलं.

तेव्हा तुम्हीही आठ माणसं जमवा. प्रत्येक आवाजाला दोन. त्यात सगळे उत्तम गाणारे नसले तरी चालेल, पण दर आठवड्याला येणारे हवेत. आधी तीन आवाजांचे कॅनन, म्हणजे तीच ओळ एकामागून एक सुरू करून गायची, मग साधे चार आवाजांचे कोराल, म्हणजे जर्मन चर्चमधली समूहगीतं. दर तालमीचं ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्यात तुम्ही किती बोलता तेही मोजा. माझ्या पहिल्या वर्षाच्या तालमींत निम्मा वेळ माझाच आवाज होता. प्रवेशासाठी जो व्हिडिओ लागेल तो याच आठ जणांबरोबर होईल. फुकट मिळणाऱ्या स्वरलिपी इंटरनेटवर भरपूर आहेत, पण त्या कुणीतरी हौसेने टंकलेल्या असतात आणि त्यांत चुका असतात. प्रत्येक वेळी दुसऱ्या प्रतीशी ताडून बघा. ही सवय म्हणजेच तुमच्या संशोधनाची पहिली इयत्ता.

संशोधनाचा विषय मात्र जवळचा घ्या. बाखवर युरोपात शेकडो लोक काम करतात, त्यांच्या घराशेजारी हस्तलिखितं आहेत. तुमच्या शेजारी काय आहे? नाशिकला शरणपूर आहे, एकोणिसाव्या शतकातली मिशनची वसाहत. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये काम सुरू केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि 1919 मध्ये जाईपर्यंत त्यांनी मराठी उपासनेला भजन-कीर्तनाचं वळण दिलं. एकीकडे इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी पदं, दुसरीकडे ओवी-अभंगाच्या वळणाची. पाश्चात्त्य चालीत जोर ठरलेल्या मात्रेवर येतो, मराठीत ऱ्हस्व-दीर्घावर सगळी मदार. दीर्घ अक्षर बिनजोराच्या मात्रेवर पडलं की गाणारी माणसं काय करतात? चाल वाकवतात की शब्द? हे कागदावर सापडणार नाही, रविवारी चर्चमध्ये बसून ऐकावं लागेल.

आमच्या वसईतही असंच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली आणि मराठी मिस्सा, म्हणजे मराठीतली कॅथलिक उपासना, आली. माझी आई आणि मावशी तेव्हा तरुण होत्या. नोटेशनचं एक अक्षर दोघींना येत नव्हतं. आई चाल धरायची, मावशी तिच्या खाली तिसऱ्या सुरावर 'सेकंड', म्हणजे दुसरा आवाज, धरायची, आणि ओळ संपताना नेमकी कुठे वळायचं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. काही जागी ती अशी वळायची की पुस्तकाप्रमाणे ते चूक, पण कानाला अगदी गोड. मी तिच्या चौदा ओळी लिहून ठेवल्या आहेत. बाकीच्या लिहायच्या राहिल्या, ती 2011 मध्ये गेली. तुमच्या कॉयरमध्ये किंवा शेजारच्या चर्चमध्ये अशा कुणी बाई असतील तर पीएचडीची वाट बघू नका. फोनचा रेकॉर्डर पुरे आहे. नाव, गाव, कुणाकडून ऐकलं आणि तारीख, एवढं प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला बोलून घ्या, आणि पुढे ते वापरायला त्यांची परवानगी घ्या.

पैशाचं. भारतात फक्त कॉयर घेऊन घर चालणं कठीण. माझ्या मिळकतीचा निम्म्याहून मोठा भाग शिकवण्यातून येतो, काही शाळांच्या कॉयरमधून, आणि संशोधनातून जवळजवळ काहीच नाही. तेव्हा नोकरी लगेच सोडू नका. दोन वर्षं पियानो, आठ जणांचा वृंद आणि ती ध्वनिमुद्रणं एवढं नोकरी सांभाळून होतं. मी शाळेत गणित शिकवत असताना केलंय. त्यानंतर 28 व्या वर्षी मास्टर्सला अर्ज करा. गाणाऱ्याचा गळा वयाने थकतो. कंडक्टरचा कान त्या वयात नुकता उघडायला लागलेला असतो, त्यामुळे उशिराची काळजी सोडून द्या.

घरच्यांना "एक काय ते" सांगायचंच असेल तर कॉयर सांगा. अभ्यास त्याच्या मागोमाग तुमच्या वहीत येतच राहील, मला तो त्या निषादासारखा आला.

आठ जण जमले की प्रत्येकाचा खालचा आणि वरचा सूर तपासा आणि मला कळवा. टेनर बहुतेक मिळणार नाहीत, ते सगळीकडेच कमी असतात. तसं झालं तर दोन सोप्रानो, एक आल्टो आणि पुरुषांचा एक आवाज अशा मांडणीतल्या तीन सोप्या रचना सुचवीन. त्यांतली एक मराठी असेल.